हुंकारा कोण देणार

सुरतेत आल्यावर मी पहिलं काय शिकले असेन, तर ओरडून बोलणं. आमची खोली उधन्यात, लूमच्या खात्याला लागून. खातं म्हणजे कारखाना, पण तिथे कारखाना कुणी म्हणत नसे. पलीकडे दिवसरात्र माग चालायचे आणि आमच्या मांडणीतली भांडी थरथरायची. आठवड्यातून एक दिवस त्या भागाची वीज बंद असे आणि खातंही. त्या दिवशी इतकं शांत व्हायचं की मला धुळ्याकडचं माहेर आठवून रडू यायचं.

लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. नव्वदनंतरचे ते दिवस. आमचे हे खात्यात माग चालवायचे, पाळी संपवून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी चुलीशी बसून दिवसभराचं सांगायची. नळावरचं भांडण, आईचा निरोप, सगळं. उत्तर नाही. चहाच्या गाडीवर मात्र चारचौघांत हसताना दिसायचे. म्हणजे घरीच तोंडाला कुलूप. मी मनाशी पक्कं केलं होतं की यांना मी नकोशी झालेय. कुणाला सांगणार? शेजारीण सुरती, तिला माझी भाषा कळायची नाही आणि मला तिची.

अशाच एका बंदच्या दिवशी गावाकडचे एक बाबा आले. करवंटीला दांडा बसवलेली, गजाने वाजवायची किंगरी त्यांच्याकडे होती. ते गात आणि मधे मधे गोष्ट सांगत. संध्याकाळी आमच्याच ओळीच्या अंगणात पोती अंथरली, कंदील लावला. आसपासच्या गल्ल्यांतून खानदेशातली सगळी बिऱ्हाडं जमली. बाबांनी गज तारेवर ठेवला आणि थांबले. त्यांच्याबरोबर फिरून साथ देणारा भाऊ वारला होता.

"हुंकारा कोन देस? नही ते मी काय भितले गोट सांगू?"

भिंतीला कुणी गोष्ट सांगत नाही, आमच्याकडची रीतच ती. सांगणारा वाक्य संपवतो तिथे ऐकणाऱ्यातल्या एकाने 'हं' म्हणायचं. तो हं आला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. कुणीतरी ह्यांना पुढे ढकललं. लहानपणी गावात हेच द्यायचे म्हणे हुंकारा. मला ठाऊकही नव्हतं.

हे बाबांसमोर मांडी घालून बसले आणि गज हलताना बघून डोळे मिटले. बहिणीला शोधायला निघालेल्या एका भावाची गोष्ट होती. किंगरी कण्हायची, बाबा एक ओळ सांगायचे, आणि बरोब्बर जागेवर ह्यांचा हं यायचा. ना लवकर, ना उशिरा. बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या मात्र अंगाची आग झाली. कुठल्या कोणा म्हाताऱ्याची ओळन् ओळ ऐकू येते, आणि मी रोज घसा कोरडा करते ते? त्या भरल्या अंगणात माझ्याइतकं एकटं कुणी नसेल. उठून खोलीत जावं, सकाळी सरळ माहेरची गाडी पकडावी, असं ठरवून मी पदर सावरला.

तेवढ्यात बाबांना ठसका लागला. गज थांबला, कुणीतरी पाणी द्यायला धावलं.

"हं," हे म्हणाले.

बाबा पाणी पीत होते.

"हं."

डोळे मिटलेलेच. मागाच्या ठेक्याची सवय झालेलं अंग, ते मधे तेवढीच जागा सोडून पुन्हा म्हणालं, हं. मागे दोघेतिघे फिसकन हसले. मग कुणी हसेना. खात्यात सगळे हाताच्या खुणांनीच बोलतात, चहाच्या गाडीवर हे दुसऱ्यांची तोंडं बघून हसत असतील. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर रोज त्यांच्या पाठीशी बोलत होते.

बाबांनी तांब्या खाली ठेवला, पुढच्या हंची वाट बघितली आणि त्याच्या मागोमाग गज ओढला. "चाली ऱ्हायनी गोट, थांबनी नही," एवढंच बाकीच्यांना म्हणाले. त्यानंतरची सगळी गोष्ट त्यांनी ह्यांच्या हंप्रमाणे सांगितली. भावाला बहीण सापडली की नाही, मला आठवत नाही.

अंगण रिकामं झाल्यावर मी कंदील उचलून खोलीत आणला. हे नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळणार, तोच मी समोर जाऊन बसले. कंदील माझ्या तोंडाजवळ धरला आणि मुळीच न ओरडता विचारलं,

"तुम्हले आयकू नही येस का?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"हं," म्हणाले.