साइड स्टँड

पेट्रोलचा वास आला की मला शहाडचं नदीकाठचं ते मोकळं मैदान आठवतं. मेहुण्याच्या जुन्या बाईकवर आम्ही नवरा-बायको दोघंही शिकत होतो. मी क्लच एकदम सोडायचो आणि गाडी हिसका देऊन बंद पडायची. वळताना पुढचा ब्रेक दाबून दोनदा आडवाही झालेलो. बायकोने मात्र तासाभरात तिसरा गिअर टाकला. "ताई, एक नंबर! भावोजी, बघा जरा, शिका!" मेहुणा ओरडला आणि माझा नुसता जळफळाट झाला. ती पुन्हा निघाली तेव्हा साइड स्टँड खालीच राहिलेला. मला तो स्वच्छ दिसला. एक हाक पुरली असती, पण मी हेल्मेटचा पट्टा चाचपत गप्प उभा राहिलो. डावीकडे वळताना स्टँड जमिनीला घासला आणि ती गाडीसकट पडली. मी धावलो. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. "माझंच चुकलं रे," ती म्हणाली, "स्टँड बघितलाच नाही." मी मान डोलावली. आता ती रोज बाईकने ठाण्याला कामाला जाते. कोपरावरच्या व्रणाबद्दल कुणी विचारलं की कौतुकाने सांगते, "पडले तेव्हा सगळ्यात आधी हा धावत आलेला." मी अजूनही काही बोललेलो नाही.