जगली तर कापायची

प्रयोगाचा निकाल एका ओळीत सांगून होतो. तो हाती येईपर्यंत जे घडतं, त्याला मात्र चहाची किटली पुरत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. फुप्फुसातली गाठ न कापता जाळता येईल का, हे ठरवायला धुळ्याच्या एका मेडिकल कॉलेजात आम्ही विजेच्या तापल्या सुईनं फुप्फुसाचा तुकडा जाळून बघत होतो. प्रश्न एकच होता: शेजारची श्वासनळी शाबूत राहते का? आधी खाटकाकडची फुप्फुसं, मग एक जिवंत शेळी. ती जगली, तर तिला कापून नळी आतून तपासायची. शेळी आधीच येऊन लॅबमागच्या निंबाखाली पाला खात होती.

*

खाटकाला मी तळमळीनं समजावलं. फुप्फुस अखंड हवं, नळीसकट हवं, आम्ही त्यात सुई खुपसून जाळणार आहोत, यातून उद्या माणसं वाचतील.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जाळू नका. मंद आचेवर ठेवा, मऊ होतं."

*

नळीला भोक पडलं का, हे कळणार कसं? माझा मित्र चौधरी, चोपड्याचा, सायकलचा पंप घेऊन आला. नळीच्या तोंडाला पंप बांधला, फुप्फुस फुगवून टबात बुडवलं. बुडबुडेच बुडबुडे. आमचे चेहरे उतरले.

आमचे गाइड महाजन सर. त्यांनी बाही वर करून टबात हात घातला. "पंक्चर नाहीये, चौधरी. तोंड सैल बांधलंय."

*

सुई ऐन रंगात आली की लाइट जायची. मी चडफडायचो. देशात विज्ञान रुजणार कसं, असं काहीबाही बोलायचो.

अंधारातून सर म्हणायचे, "लिहून घ्या. या क्षणी पद्धत पूर्ण सुरक्षित आहे."

*

मग शेळीचं ऑपरेशन झालं. नळीच्या अगदी लगत जाळलं. काही दिवसांत ती उठली आणि चौधरीच्या ॲप्रनची नाडी चावू लागली.

कापायचा दिवस ठरला, तसा चौधरी त्याच्या अहिराणीत भडकला. "मरती तं आपला दोष, जगनी तं कापानं? हाई कोनता न्याय शे?"

मी सरांकडे गेलो. "सर, ती जगली. हाच निकाल नाही का?"

"जगणं वेगळं, नळी शाबूत असणं वेगळं. आतून पाहिल्याशिवाय 'सुरक्षित' हा शब्द मी लिहू देणार नाही."

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच जास्त राग आला.

*

त्या दिवशी सर सुरी न आणता वॉर्डातून बाद झालेली एक दुर्बीण घेऊन आले. घशातून श्वासनळीत घालायची, लांब, धातूची. शेळीला गुंगी देऊन फरशीवर आडवं केलं, दुर्बीण घशातून आत सरकवली. एवढे कडक सर, तिच्यासमोर चक्क पालथे झोपले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"भिंत गुलाबी आहे," सर म्हणाले. जरा वेळानं, "भोक नाही." मग, "थांबा, अजून थोडं आत..."

तेवढ्यात गुंगी उतरली आणि शेळी खोकली. छाती भरून खोकली. सरांच्या चष्म्यावर, मिशीवर, सगळीकडे.

सर उठून बसले. कुणी हसायला धजेना. चौधरीनं हळूच विचारलं, "सर, कापायची?"

"आधी मला टॉवेल द्या," सर म्हणाले. "आणि हिला पाला."