पापडाच्या पिठाचं पॅकिंग

जगात जे जे गळतं ते ते थांबवायलाच आपला जन्म झालाय, अशी आमच्या धाकट्या दिरांची पक्की समजूत होती. धुळ्याच्या घरातला झिरपणारा माठसुद्धा त्यांना बघवेना. त्यांनी त्याला बाहेरून सफेदा फासला. झिरपणं थांबलं, आणि तो सगळा उन्हाळा आम्ही कोमट पाणी प्यायलो. "थेंब गळतोय का, तेवढं सांगा वहिनी," म्हणायचे. थेंब मात्र खरंच गळत नव्हता!

अशा माणसाने मोटार घ्यावी तर कुठली? उभी राहील तिथं काळी रांगोळी काढणारी! जळगावला माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांना एकदा तोंडावरच सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा. फरशी घासून माणसं दमली आमची." ते भाऊजींच्या जिव्हारी लागलं. मला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोचवायचं ठरलं, तसं त्यांनी सगळं इंजिनच खोलून बांधायला काढलं. "आबांच्या दारातच उभी करीन, आणि एक थेंब जरी पडला तर गाडी भंगारात घालीन!"

इंजिनाच्या तळाशी तेलाची परात असते, तिला म्हणायचं चेंबर. तिच्या कडेला बुचाचं पॅकिंग. आणि त्या पॅकिंगला लेप कुठला लावायचा, यावर घरात खल सुरू झाला. लाखेचं शेलॅक? "तडकतं." ग्रीस? "घसरतं, धरत नाही." सफेदा म्हटल्यावर मीच म्हटलं, "नको, मला माठ आठवतो." प्रत्येक लेप चिमटीत ताणायचे, हुंगायचे आणि स्थळ नाकारल्यासारखी मान हलवायचे. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बायका पापडासाठी उडदाचं पीठ कुटत होतो. भाऊजींनी त्यातला एक गोळा उचलला, ताणला. तुटेना! त्यांचा चेहरा असा उजळला, की मी समजले, आता पापड गेले.

"भाऊजी, त्यात हिंग-मिरी आहे हो!"

"असू द्या. इंजिनालाही पचायला हवं."

पारोळ्यापर्यंत रस्त्यावर आमच्यामागे तेलाची रेघ होती. दोनदा थांबून त्यांनी तेल ओतलं. एरंडोलच्या अलीकडे खमंग वास सुटला. उतरून खाली वाकले, आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, भाजलं! गळायचं थांबलं!"

आबांच्या दारात गाडी थांबली. मी अवघडलेली कशीबशी उतरतेय, आणि माझ्या माहेरची सगळी माणसं गाडीखाली वाकलेली! फरशी कोरडी. आबांनी नाक वर केलं. वास कुठून येतोय ते कळेना, तसे अहिराणीवर आले. "हाई काय शे? पापडना वास कथाईन ई राहिना?"

"तुमच्या लेकीचे डोहाळे, आबा!" भाऊजी म्हणाले, आणि छाती काढून घरात गेले.

तो चेंबर पुन्हा कुणाला उघडता आला नाही. भाऊजी गेल्यावर भंगारवाल्याने गाडी सुटी केली. चेंबर मात्र इंजिनासकट तसाच उचलून न्यावा लागला.

आता घरात नवा माठ आहे. पाणी छान गार होतं. खाली साचलेली ओल फडक्याने पुसते, आणि कुणीतरी सफेद्याचा डबा घेऊन येईल म्हणून उगीचच दाराकडे बघते.