फळीवरचं शेवटचं टोकन

सारक्का पहाटे साडेतीनला उठायची. घड्याळाची गरज नव्हती. तिच्या बापूंच्या खोकल्याची पहिली उबळ त्याच सुमाराला यायची. त्यांना वाफेचं यंत्र लावायचं, ज्वारीच्या भाकरी थापायच्या, अंबाडीची चटणी डब्यात भरायची आणि पाचला चार नंबर खाणीच्या दिवाखोलीत हजर व्हायचं. बापू छातीत धूळ भरल्यामुळे कामाला नालायक ठरले, तेव्हा त्यांच्या जागी ही एकुलती एक मुलगी लागली. तिने चौदा वर्षं काम केलं. त्यातली अकरा वर्षं मी तिच्या हातून दिवा घेतला. ती एकदाही उशिरा आली नाही.

दिवाखोलीचं काम बसून करायचं, म्हणून लोक त्याला हलकं समजत. चारशे दिवे असत. प्रत्येक दिवा पेटवून बघायचा, काच पुसायची, वायर ओढून बघायची. उतरणारा माणूस आपलं पितळी टोकन देतो, ती ते भिंतीवरच्या फळीवर त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवते आणि दिवा देते. वर आल्यावर दिवा परत द्यायचा, टोकन घ्यायचं. फळीवर टोकन लटकतंय म्हणजे माणूस खाली आहे. दुसरा अर्थ नाही.

माझा नंबर तीनशे अठरा. एकदा पहिली पाळी सुटून दोन तास झाले तरी माझं टोकन फळीवरच होतं. मुकादम म्हणाला, गेला असेल दिव्यासकट ताडी प्यायला, तू वही बंद कर आणि घरी जा. तिने वही बंद केली नाही. मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहिली. शेवटी चौघे खाली उतरले. कोळशाचा डबा रुळावरून घसरला होता आणि माझा पाय त्याच्याखाली होता. आजही मी लंगडतो, पण चालतो.

मग चार नंबरमधला कोळसा संपला. खाण बंद होणार होती. कंपनीने कागद लावला: खाली न उतरता वर जमिनीवर काम करणाऱ्यांपैकी जे सहा महिन्यांचं क्लाउड कम्प्युटिंगचं शिक्षण घेऊन परीक्षा पास होतील, त्यांना इथेच, गोदावरीखनीच्या ऑफिसात, संगणकाच्या खोलीत जागा. बाकीच्यांची बदली भूपालपल्लीच्या उघड्या खाणीवर. भूपालपल्ली म्हणजे बसने जायला अडीच तास, यायला अडीच. बापू तिकडे राहायला येणार नव्हते. त्यांचे डॉक्टर इथे, त्यांची माणसं इथे. दिवसातून तीनदा वाफ द्यायची, ती कोण देणार? दहावी पास सारक्काने अडतिसाव्या वर्षी नाव घातलं.

वर्ग कम्युनिटी हॉलच्या माडीवर चार ते सात भरायचा. वस्तीतले त्याला ढगांची शाळा म्हणायचे. खाली ओदेलूचं चहाचं दुकान होतं. मी निवृत्त झालो होतो, तिथेच बसायचो. सुटल्यावर ती अर्धा कप चहा घ्यायची आणि वर काय झालं ते सांगायची. ओदेलू रोज विचारायचा, "अक्का, आज तरी पाऊस पाडणार का?"

ती हसायची नाही. तिला चैन पडत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने फणींद्र सरांना विचारलं होतं, यंत्र कुठे आहे. सर म्हणाले, मुंबईत असेल, सिंगापुरात असेल, तुम्हाला ते बघायची गरज नाही. इथून भाड्याने घ्यायचं, नाव द्यायचं, चालवायचं, काम झालं की बंद करायचं. तिला ते पटेना. आवाज नाही, तापलेलं लोखंड नाही, तेलाचा वास नाही. बोटं टेबलावर नुसती फिरत राहायची. सरांनी सांगितलेलं ती आधी वहीत लिहायची, मग संगणकावर. घरी बापूंना वाफ देताना वही गुडघ्यावर. हुशार पोरं एकदा ऐकून करायची, ही सात वेळा करायची. सातव्यांदा चुकत नसे.

चौथ्या महिन्यात तिची चूक झाली.

वर्गाला यंत्रांचे महिन्याचे ठरावीक तास मिळत. यंत्र मोठं घेतलं की तास भराभर उडत. शनिवारी फणींद्र सर हैदराबादला निघाले. जाताना सारक्काला सांगून गेले, "सगळ्यांचं झालं की बघा. जे यंत्र नुसतं चालू असेल, ते बंद करा." तिच्याइतकी सावध वर्गात कुणी नव्हती, म्हणून तिला सांगितलं.

सात वाजता तीन यंत्रं चालू होती. दोघांना तिने जिन्यातून परत बोलावलं, त्यांनी आपापली बंद केली. तिसऱ्यावर नाव होतं तिरुपतीचं. हा आमच्याच खाणीतला पंपावरचा कामगार, बायकोच्या गावी लग्नाला गेला होता. पडद्यावर दिसत होतं की त्याचं यंत्र काही करत नाही. एक बटण दाबायचं होतं. तिने त्याला नऊ फोन केले, त्याने उचलला नाही. ती आठपर्यंत बसली आणि यंत्र तसंच चालू ठेवून उठली. रविवारी फोन केले, सोमवारी केले. बटण दाबलं नाही.

तिरुपतीने यंत्र चुकून सगळ्यात मोठं घेतलं होतं. मंगळवारी सगळ्या वर्गाचे तास संपले. खातं गोठलं. परीक्षेला अकरा दिवस होते.

पोरांनी तिला सोडलं नाही. एकाने विचारलं, सर बंद करा म्हणाले, त्यातलं काय कळलं नाही? दुसरा म्हणाला, दिवे पुसणाऱ्या बाईच्या हातात किल्ल्या दिल्या की असंच होणार. तिरुपती परत आला आणि तोही तिलाच म्हणाला, अक्का, एक बटण दाबायचं होतं ना. ती वही घेऊन उठली. खाली आली, चहा घेतला नाही.

मी विचारलं, "का नाही दाबलंस?"

"त्याचं नाव होतं, मामा. तो आलाच नव्हता परत. मी कसं बंद करू?"

"बिड्डा, पोरी, मी हाडामांसाचा होतो. ते भाड्याचं यंत्र आहे."

"माहीत आहे. हाताला माहीत नाही."

मला तिची बाजू घेता आली नाही. माणूस आणि यंत्र यातला फरक कामगारालाच कळायला हवा, नाहीतर कोणाला कळणार? हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लवकर गेली.

फणींद्र सरांनी वरती भांडून थोडे तास मिळवले. बावीस जणांना प्रत्येकी एक तास, तोही एकेकाने, आणि एका माणसाने जबाबदारी घ्यायची अट. सरांनी विचारलं, कोण घेतो? माना खाली गेल्या. सारक्का उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, आता परीक्षाच रद्द."

ती बंद होत आलेल्या दिवाखोलीतून फळीचा एक तुकडा आणि बावीस जुनी टोकनं घेऊन आली. ज्याची पाळी त्याने टोकन तिला द्यायचं, मग खुर्चीवर बसायचं. तास संपला की यंत्र बंद करून तिला पडदा दाखवायचा, मग टोकन न्यायचं. फळी मोकळी झाल्याशिवाय पुढचा बसणार नाही. पोरं विचारायची, अक्का, हेल्मेट पण घालू का? पण तिरुपतीने मुकाट्याने पहिलं टोकन दिलं. सात दिवसांत एकही यंत्र विसरून चालू राहिलं नाही.

तिने स्वतःची पाळी शेवटी ठेवली होती. तिच्या आधीच्या पोराचं यंत्र काही केल्या बंद होईना, कुठेतरी काहीतरी अडकलं होतं. सर म्हणाले, सोडा, मी बघतो, तुम्ही दुसऱ्या संगणकावर सुरू करा, तुमचा वेळ जातोय. तिने फळीकडे बोट दाखवलं. टोकन लटकत होतं. त्या पोराशेजारी बसून तिने ते यंत्र बंद करवलं, टोकन त्याच्या हातात दिलं, मग बसली. परीक्षेआधीचा तो शेवटचा वर्ग होता आणि हॉलला कुलूप लागायला वीस मिनिटं होती. तिला तेवढीच मिळाली.

परीक्षेत सत्तर हवे होते. तिला सदुसष्ट पडले. प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या भागात ती अडखळली. बावीसपैकी सतरा पास झाले, तिरुपती त्यात होता. कष्ट कमी पडले असं मी म्हणणार नाही. तास कमी पडले, आणि ते तिने स्वतः दिले होते.

ती भूपालपल्लीला लागली. दिवस आता पावणेतीनला सुरू व्हायचा. मंथनीवरून जाणारी पहिली बस, मग डंपरांची धूळ, आणि संध्याकाळी उभ्याने परत. बापूंना सकाळची वाफ ती देऊन जायची, संध्याकाळची येऊन द्यायची. दुपारची मी द्यायचो. जागा मिळाली तर बसमध्ये वही उघडायची. तिरुपती रविवारी तिच्या घरी येऊन आपला संगणक तिच्यापुढे ठेवायचा आणि अंगणात बापूंशी बोलत बसायचा. तास कुणामुळे गेले, हे त्याला कळलं होतं.

पहिल्या परीक्षेचं शुल्क कंपनीने भरलं होतं. दुसऱ्यांदा बसणाऱ्याने स्वतः भरायचं, पास झाला तर ऑफिसातली जागा त्यालाही होती. परीक्षा करीमनगरला होती. मी सोबत गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. दीड तास झाला, एकेक जण बाहेर आला. सारक्का आली नाही. मला पायाचा जुना ठणका जाणवायला लागला. सगळ्यात शेवटी ती आली.

आत तिने यंत्र बंद केलं होतं आणि पर्यवेक्षकाला बोलावून म्हटलं होतं, बघा, काही चालू राहिलं नाही ना? तो म्हणाला, अम्मा, इथे ते आपोआप बंद होतं, तुम्ही जा. त्याने वाकून पडदा बघेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नव्हती.

तिला एक्याऐंशी पडले. आता ती गोदावरीखनीच्या ऑफिसात आहे आणि साडेतीनलाच उठते.

भूपालपल्लीच्या चार महिन्यांच्या पगारातून घर चालवून जे उरलं, त्यात तिने दोनच गोष्टी घेतल्या: बसचा पास, आणि करीमनगरच्या त्या खुर्चीवरचा दीड तास.