तांड्यावर सुटलेला उपास

देव आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. तो फुकट काही देतो, याबद्दल मात्र होती. आमच्या घराण्याला ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. दर रविवारी पाळकसाहेब प्रभूच्या कृपेवर बोलत आणि मीही इतरांसारखी मान डोलवत असे. मनात मात्र ठाम धरलेलं, की दिल्याशिवाय मिळत नाही. शेत फुकट पिकत नाही, मग देवाच्या घरी काय वेगळं असणार?

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्हाला मुलगा झाला. पांढरकवड्याच्या बाजूला एका खेड्यात माझे यजमान शाळामास्तर होते. बाळाला जेमतेम महिना झाला आणि मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तो माझं दूध आटवूनच. गाईचं दूध पाणी घालून बोळ्याने पाजलं, तर बाळ ओकून टाकायचं. शेळीचं पाजलं, तर जुलाब. बघता बघता त्याचे गाल आत गेले आणि रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला. तेव्हा मी गुडघे टेकून प्रभूला शब्द दिला, "हे लेकरू धडधाकट होईपर्यंत दिवस मावळल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. तू तेवढं त्याला जगव." हे ऐकून यजमान म्हणाले, "अवं, हा तं नवसच झाला. नारळ तेवढा राह्यला." मला त्यांचा असा राग आला, की संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रात्री घासभर खायचे, तेही जाईना. पण जितकी भूक लागे, तितकं वाटे की देवापाशी आपलं वजन वाढतं आहे.

बाळ काही सुधारेना. शेवटी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आम्ही बसलेली प्रवासी मोटार वाटेतच बंद पडली. ऊन चढलं होतं. रस्त्याला लागूनच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. बाळ आधी रडलं, मग रडायचंही थांबलं. एवढ्यात ओटीतला कापूस तसाच घेऊन एक बंजारा बाई बांध ओलांडून आली. आरशांची काचोळी, हातभर बांगड्या, कडेवर स्वतःची तान्ही मुलगी. बाळाच्या ओठांना बोट लावून ती आपल्या बोलीत म्हणाली, "छोरा भुको छ." पोर भुकेलं आहे, एवढं मला कळलं. मग माझ्याकडे वळली. "दूध नाई काय तुले?"

"आटलं," मी म्हटलं.

"मंग आण इकडं. पाहून काय राह्यली?"

तिचे हात धुळीने माखले होते. बाळंतपणात दवाखान्यात शिकवलेली सगळी स्वच्छता मला त्याच वेळी आठवली. यजमानांनी बाळ माझ्या मांडीवरून उचललं आणि तिच्या हातात दिलं. निंबाच्या सावलीत तिने ओटीतला कापूस ओतला, त्यावर लेकीला निजवलं आणि बसली. बाळाला आधी ओढता येईना. तिने बोटाने दुधाचे थेंब त्याच्या जिभेवर सोडले, आणि मग ते प्यायलं. त्याच्या घशातून खाली जाणाऱ्या घोटांचा आवाज मला ऐकू येत होता. मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडले. तिचं नाव झमकूबाई.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासून सांगितलं की रोग काही नाही, उपासमार आहे. ज्या बाईने पाजलं तिलाच धरून राहा. परतताना यजमान मला सरळ तिच्या तांड्यावर घेऊन गेले. तांड्याच्या नाईकाने झमकूबाईच्या शेजारची झोपडी आम्हाला झाडून दिली. हे शाळा सांभाळून येऊन-जाऊन असत. झमकूबाई स्वतःच्या लेकीला पाजून माझ्या लेकराला पाजायची, पण त्याआधी त्याला माझ्या अंगाशी लावायला लावायची. "वढू दे त्याले. येईन." ते ओढायचं, रडायचं, आणि यायचं काहीच नाही.

येणार कुठून? ती मला दुपारी ज्वारीची भाकर नि मेथीची भाजी वाढायची. मी ती पदराआड लपवून तांड्यातल्या कुत्र्याला घालायचे. ते कुत्रं दिवसभर माझ्या पाठीमागे फिरू लागलं आणि तिथेच मी सापडले.

"माही भाकर कुत्र्याले काहून?" झमकूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अवं येडे, तुह्या देवाले तुह्या उपाशाचं काय लोणचं घालायचं हाय? त्यानं लेकराले दूध दावलं, तुले भाकर देल्ली, अन् तू ते कुत्र्याले चारून राह्यली! खाय."

मला भीती वाटत होती. दिलेला शब्द मोडला आणि बाळाचं काही झालं तर? माझ्याजवळ देवाला धरून ठेवायला तो उपास सोडून दुसरं काहीच नव्हतं. भाकर समोर होती. झमकूबाई हलली नाही. मी मनात एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्याजवळ आता काही नाही. तूच बघ." आणि भर दुपारी पहिला घास तोंडात घातला. तो घास आसवांनी खारट झाला होता. मग दुसरा खाल्ला, मग सगळी भाकर खाल्ली, आणि आणखी मागितली.

दूध काही त्याच दिवशी आलं नाही. पण आलं. एका सकाळी बाळ रडलं आणि माझी चोळी भिजली. मी झमकूबाईला हाका मारत सुटले. ती आली, तिने पाहिलं आणि अशी हसली, की सगळा तांडा गोळा झाला.

निघताना मी तिला विचारलं, "तुला काय देऊ?" तिचा चेहरा उतरला. "दूध का इकलं म्या?" ती म्हणाली. मग बाळाचा मुका घेऊन तिने आमच्याबरोबर मेथीची जुडी बांधून दिली.

तिला येशूचं नाव ठाऊक नव्हतं. मला ते जन्मापासून ठाऊक होतं, आणि त्याची कृपा म्हणजे काय ते मला तिच्या दारात कळलं. मी देवाचा हात पिरगाळून लेकरू मागत होते आणि तो केव्हाचा देत उभा होता. तिच्यासाठी मी आजही त्याचे आभार मानते.

गावी परतल्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. एरवी त्या मेजाजवळ जाताना मी काही ना काही कबूल करत असे, हे सोडीन, ते करीन. त्या दिवशी बाळ माझ्या खांद्यावर पोटभर पिऊन झोपलं होतं. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी काहीच कबूल केलं नाही. मी तो खाल्ला.