लेकीची गढूळ बीअर

बीअर गढूळच विकायची असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्याआधीची सगळी उमर मी ती गढूळ होऊ नये म्हणून घालवली.

मी सातवी नापास. मराठवाड्यातल्या एका बीअरच्या कारखान्यात पोती उचलायला लागलो आणि हळूहळू फिल्टरवर आलो. पुढे आमचे एक साहेब इकडे उत्तरेत नव्या कारखान्यात आले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझ्यासारखी नजर मला इथं मिळत नाही," असं म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर मी बायको आणि तान्ही पोरगी घेऊन रेल्वेत बसलो. आता मोहालीत राहतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी नाहीतर पंजाबी.

फिल्टरवाल्याचं काम सांगायला सोपं. टाकीत तयार झालेल्या बीअरमध्ये यीस्ट असतं, धान्याचे कण असतात. ती पांढऱ्या बारीक मातीच्या थरातून दाबून पलीकडे काढायची. पलीकडे काचेची खिडकी, तिच्यामागे दिवा. त्या काचेसमोर मी अठ्ठावीस वर्षं बसलो. काचेत जरा धुरकट दिसलं की हात वर करायचा, लाइन बंद. एकदा मॅनेजर अंगावर ओरडत आला, "दिखता क्या है तुझे? पानी जैसी तो है!" मी म्हणालो, "साहब, आपको नहीं दिखता, मुझे दिखता है." नमुना लॅबमध्ये गेला आणि लॅबनं माझ्यासारखंच लिहून दिलं. त्यानंतर माझा हात वर गेला की कुणी कारण विचारलं नाही. शिकलेल्या माणसांत मला मिळालेला मान तो एवढाच. पण तो मी जपला.

पोरगी मात्र शिकली. चंदीगडच्या सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत यीस्टवरच काम करायची. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचो, बापानं जे गाळून फेकलं त्यावर लेक शास्त्रज्ञ झाली. आणि एक दिवस तिनं ते सोडलं. चंदीगडमध्ये एका सरदारजीनं हॉटेलातच बीअर बनवायच्या टाक्या बसवल्या होत्या, तिथं ती बनवणारी म्हणून लागली. मी दोन महिने तिच्याशी बोललो नाही. मग एका सकाळी चहा पिताना तीच म्हणाली, "बाबा, टाकी धुतल्यावर पण वास येतोय. काय करू?" मी चप्पल घातली आणि तिच्यासोबत निघालो.

तेव्हापासून मी आठवड्यातून तीन दिवस तिथं जायचो. टाक्या धुवून दाखवायचो, झाकणांची रबरं तपासायचो. पगार नव्हता, मी मागितलाही नाही.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्यासमोर ग्लास ठेवला. आत पिवळसर, दाट, बोट बुडवलं तर दिसणार नाही असं काहीतरी.

"हे काय, ताक आहे?"

"हेजी म्हणतात याला. मुद्दाम गढूळ ठेवतात, बाबा."

"मुद्दाम कुणी नापास होतं का?"

"तुम्ही झालात की सातवीत."

मी हसलो. पण मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही तेही सांगतो. स्वच्छ बीअरमध्ये चूक लपत नाही. खोली घासून पुसून रिकामी ठेवली की कोपऱ्यातला केस पण दिसतो. गढूळ बीअरमध्ये काय सडलंय आणि काय मुद्दाम घातलंय, ते कोण सांगणार? वर तिच्यात आंबा, मिरची, इकडच्या किन्नू संत्र्याचा रस. दिवाळीला जिलेबीची बीअर केली होती त्यांनी. गिऱ्हाईक बसतं, "नया क्या है जी?" विचारतं, ग्लासचे फोटो काढत राहतं आणि फेस बसल्यावर पितं. काल काय प्यायलो ते त्याला आज आठवत नाही. मालकाला दर पंधरा दिवसांनी नवीन पाहिजे. पोरीनं एकदा साधी, गव्हाची, फार छान बीअर केली होती. ती संपली तेव्हा मालक म्हणाला, "बहुत बढ़िया, अब कुछ और करो." मी एकच बीअर अठ्ठावीस वर्षं केली आणि शेवटच्या वर्षीही तिच्याबद्दल काहीतरी नवीन शिकलो. इथं हात बसायच्या आत पदार्थ बदलतो. याला मी कारागिरी म्हणत नाही. आजही म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात मालकानं ठरवलं, एका शनिवारी दुसऱ्या हॉटेलांचे मालक आणि बीअरवर लिहिणारे लोक बोलवायचे आणि त्यांना पोरीची नवी बीअर पाजायची. त्यानं तिला साफ सांगितलं होतं, ही बीअर लोकांना पसंत पडली तर टाक्यांचा सगळा कारभार तुझ्या हातात. काय बनवायचं, कधी बनवायचं, पुन्हा काय करायचं, सगळं तूच ठरवायचं. यासाठीच तर तिनं संस्था सोडली होती. ती महिनाभर नीट जेवली नाही.

तिनं बनवली ती गढूळच.

गुरुवारी सकाळी ती यीस्ट दाखवायला तिच्या जुन्या मॅडमकडे सेक्टर एकोणचाळीसला गेली. मी टाकीजवळ एकटा होतो. नळातून अर्धा ग्लास काढला. वास चांगला होता, खोटं बोलणार नाही. आंबा घातलेला नसताना पिकल्या आंब्याचा वास, तोही नुसता होप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा. पण रंग बघितला आणि मला दिसायला लागलं, शनिवारी जाणती माणसं येतील, ग्लास उजेडात धरतील आणि एकमेकांकडे बघून हसतील. माझ्या लेकीच्या ग्लासला हसतील.

गाळ खाली बसवायची पावडर तिच्याच फळीवर होती. त्यांच्या एका साध्या बीअरसाठी वापरायची ती. मी ती कोमट पाण्यात विरघळवली आणि वरच्या तोंडातून टाकीत सोडली.

आमच्या कारखान्यात प्रत्येक टाकीला पाटी असायची. कुणी काय घातलं, कधी घातलं, खाली सही. पाटीवर न लिहिता टाकीत हात घालणाऱ्या एका माणसाला मी स्वतः साहेबांना सांगून गेटबाहेर काढायला लावलं होतं. पोरीनंही माझं ऐकून तशाच पाट्या लावल्या होत्या. त्या सकाळी पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी खडू उचलला नाही.

शनिवारी दुपारी तिनं नळ उघडला. ग्लास भरला आणि ती बघतच राहिली. आरशासारखी नव्हती झाली, पण ग्लासच्या पलीकडची बोटं दिसत होती. तिनं फळीवरच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा."

"हं."

"किती घातलीत?"

मी सांगितलं.

"कधी?"

"गुरुवारी."

तिनं एक घोट घेतला आणि ग्लास माझ्या हातात दिला. मी प्यायलो. पहिल्याच घोटात मला समजलं. आंब्याचा वास गेला होता. तोंडात जाणवणारा दाटपणा, बीअरचं अंग, तेही गेलं होतं. कडुलिंबाचा पाला पाण्यात बुडवून काढावा तसं नुसतं कडू पाणी उरलं होतं. मी ज्याला घाण समजून तळाला बसवलं, तिची बीअर त्यातच होती. अठ्ठावीस वर्षं मी एका जातीची बीअर गाळली आणि मला वाटलं, जगात तेवढी एकच जात आहे.

तरी माझ्या तोंडून निघालं, "दिसायला तर..."

"हो," ती म्हणाली. "दिसायलाच."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नळ बंद केला, हात पुसले. "तुम्ही घरी जा. मी बॅच बिघडली सांगते, दुसरी काहीतरी देते लोकांना. जा तुम्ही."

मी घरी गेलो नाही. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, पण माझ्या चुकीवर लेकीनं पांघरूण घालावं हे मला सहन होईना. मी सरळ वर मालकाकडे गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. वयानं तो माझ्या मुलासारखा. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "कोई ना अंकलजी, हो जांदा है." मला वाटलं, मिटलं. मग तो म्हणाला, "पर अंकलजी, उस कमरे में अब सिर्फ स्टाफ जाएगा. बुरा मत मानना."

मी बुरा मानला नाही. बरोबर होतं त्याचं. ताठ मानेनं खाली आलो, पोरीला म्हणालो, "सांगितलं मी त्याला. तुझ्यावर काही नाही आता."

"काय सांगितलंत?"

"खरं ते."

"बाबा, बॅच सगळ्यांची बिघडते. तो एक दिवस चिडला असता आणि विसरला असता. आता त्याला काय कळलं? की माझ्या टाकीत कुणीही येऊन काहीही घालू शकतं आणि मला दोन दिवस पत्ता लागत नाही." मग ती हिंदीत बोलायला लागली. लहानपणापासून राग आला की ती हिंदीतच बोलते. "आपने मुझसे पूछा क्यों नहीं? पहले भी नहीं पूछा, बाद में भी नहीं पूछा."

मी चप्पल घातली आणि घरी निघालो.

संध्याकाळी पाहुण्यांना तिनं साधी बीअर दिली. लोक प्यायले, ठीक आहे म्हणाले, गेले. महिन्याभरात मालकानं बंगळुरूहून एक माणूस आणला आणि टाक्या त्याच्या हाताखाली दिल्या. पोरगी आता त्याची मदतनीस आहे.

घरी बायकोला हे समजलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "दुसऱ्याच्या पातेल्यात डाव घालू नये, एवढं माझ्या सासूनं मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुम्हाला नव्हतं वाटतं शिकवलं." मी ताटावरून उठणार होतो. उठलो नाही. जेवलो.

नंतरचे तीन-चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. पोरगी घरी बोलायची, पण कामाचं काही नाही. दुधाचं, बिलाचं, आईच्या गुडघ्याचं. टाकीचा वास कसा आहे, हे विचारायला ओठांवर यायचं आणि मी गिळायचो.

परवा दुपारी मीच बसमधून उतरून गेलो. गिऱ्हाइकासारखा बाहेरच्या टेबलावर बसलो. फळ्यावर बंगळुरूवाल्याची गुलाबजामची बीअर लिहिलेली होती, ती वाचून मान फिरवली. पोरीनं मला काचेतून बघितलं असणार. थोड्या वेळानं ती स्वतः ग्लास घेऊन आली. तीच, गढूळ. उरलेल्या वेळात छोट्या पिंपात पुन्हा केली होती तिनं. ती टेबलाजवळ उभी राहिली, बसली नाही.

मी सावकाश प्यायलो. सगळी. आंब्याचा वास होता, अंग होतं. मला अशी बीअर आवडते असं मी म्हणणार नाही. पण ती चांगली होती, हे मला कळत होतं.

"शेवटी घशाला जास्त कडू लागतंय," मी म्हणालो.

"माहितेय. होप्स काढायला उशीर झाला."

"मग?"

"पुन्हा करणार. हीच. मोठ्या टाकीत लावू का, त्या बंगळुरूवाल्याला विचारलंय."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. नवीन काहीतरी कर म्हणाला."

"मग?"

"मग काय? पुन्हा विचारीन."

तिनं रिकामा ग्लास उचलला आणि टाक्यांच्या खोलीकडे निघाली. मी सवयीनं उठून तिच्यामागं दोन पावलं गेलो. मग परत येऊन बसलो.