तिसऱ्या अक्षराचे सोनकांबळे मामा

"तिसरं अक्षर सांग लेका, तिसरं! पयली दोन तुज्यापाशीच ठेव!"

स्टोअरच्या खिडकीतून सोनकांबळे मामा माझ्यावर ओरडत होते आणि माझ्या मागे अकरा माणसं रांगेत खोळंबली होती. चाकणच्या कंपनीतला माझा तो पहिला दिवस. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर पार्टचा लांबलचक कोड, आणि मी तो शाळेतल्या प्रार्थनेसारखा पहिल्यापासून म्हणायला घेतलेला. मामांचा आवाज असा की पलीकडे कांदा मार्केटातला लिलाव थांबला आणि कुणीतरी ती वाढीव बोली समजून तीन ट्रक कांदा घेऊन बसला, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. कांद्याचं खोटं आहे. आवाजाचं नाही.

भानगड साधी होती. आमच्या कंपनीत कोडची पहिली दोन अक्षरं सगळ्या मालाला सारखीच असायची. तिसऱ्या अक्षरावरून रॅक कळायचा. तिसरं पी असेल तर माल पीच्या रॅकवर, एल असेल तर एलच्या. मामांनी त्या खिडकीत बसून एकूण बावीस वर्षं तिसरं अक्षर ऐकलं. समोरच्याचं तोंड बंद व्हायच्या आत पार्ट काउंटरवर आपटलेला असायचा.

मामा परभणीकडचे, सातवी पास. इंग्रजी शिकायची हौस दांडगी. पण त्यांनी इंग्रजीही रॅकवर लावली. एक जाड वही होती. बाकी जग शब्द पहिल्या अक्षराने लावतं, मामांनी तिसऱ्याने लावले होते. प्रत्येक अक्षराला वेगळं पान, शब्द देवनागरीत, पुढे इंग्रजीत, पुढे अर्थ. कुठल्यातरी इंजिनिअरने त्यांना डिक्शनरी भेट दिली होती. मामांनी ती चाळून परत केली. म्हणाले, "पयल्या अक्षरात काय असतंय साहेब? पयल्यानं समदेच बोंबलतेत. माल तिसऱ्यात असतोय."

शब्द कुठूनही यायचे. खोक्यांवरून, बोर्डांवरून, कंपनीच्या बसमधून दिसणाऱ्या वाकडच्या टॉवरांच्या जाहिरातींवरून. रोज एक शब्द, जास्त नाही. जास्त माल घेतला की गंजतो, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्या वाकडहून येणाऱ्या एका नव्या इंजिनिअरने मामांची चेष्टा केली. मामांनी पैज लावली. चहा संपेपर्यंत तिसरं पी असलेले शब्द सांगायचे, अर्थासकट. पोरगा इंग्लिश मीडियमचा, तरी चौथ्या शब्दाला घाम पुसायला लागला. मामा सुरू झाले. कॉपर म्हणजे तांबं. रिपेअर म्हणजे दुरुस्ती. डेपो, रिपोर्ट, सप्लाय, एक्स्पर्ट. माझ्या सांगण्यात मामांनी दोनशे शब्द म्हटले आणि कॅन्टीनवाल्याने चहाची किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. खरे वीसेक असतील. शेवटी म्हणाले, "एम्प्टी, म्हणजे रिकामं. आन् होप, म्हणजे आशा." इंजिनिअर म्हणाला, "मामा, हे दोन शेजारीशेजारी?" मामा म्हणाले, "मी कुठं लावलेत? जिथं व्हते तिथं ठेवलेत."

माझ्यावर त्या वहीचे उपकार आहेत, आणि तेही अशा जागी की चारचौघांत दाखवता येत नाही. एका दुपारी पाय दुखले म्हणून मी स्टोअरबाहेरच्या एका कॅनवर बूड टेकवायला निघालो. मामा खिडकीतूनच माझ्या नावाने ओरडले, "सातारकर, थांब! आरच्या पानावरलं हाय ते! कोरोसिव्ह! खाऊन टाकणारं!" कॅनच्या झाकणावर ओघळ होता. शेजारी टेकवलेल्या झाडूच्या काड्या संध्याकाळपर्यंत काळ्या पडून गळल्या. झाडूच्या जागी मी असतो तर माझं लग्न झालं नसतं, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं आहे.

मग स्कॅनर आले. कोडच्या जागी काळ्या रेघांच्या पट्ट्या आल्या. पट्टीत पहिलं काय आणि तिसरं काय. यंत्र पीक पीक करायचं आणि ट्रे आपोआप सरकत यायचा. खिडकी होती, खिडकीत मामा होते, पण रांग नव्हती. दोन महिने ते तसेच बसून होते. मी जाता-येता हात करायचो.

एक दिवस एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. मी तेव्हा लाइन लीडर झालो होतो. त्यांनी टेबलावर नोकरी सोडण्याचा, इंग्रजीत छापलेला एक कागद सरकवला. स्टोअरच्या सगळ्यांनी सही केली आहे, सोनकांबळे तेवढे राहिलेत, ते तुमचं ऐकतात, आज शिफ्ट सुटायच्या आत आणा, असं ते शांतपणे म्हणाले. मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. साहेब पुढे असंही म्हणाले की पुढच्या महिन्यात लाइन लीडरांचीही यादी बघायची आहे. धमकी नव्हती. हवापाण्याचं बोलावं तसं बोलले.

मी कागद घेऊन खिडकीपाशी गेलो. मामांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचला. एका शब्दावर बोट थांबलं. त्यांनी वही काढली, एलचं पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं. सॅलरी, हेल्मेट, हॉलिडे, रिलीव्ह. त्याखाली लिहिलं होतं: वॉलंटरी, स्वतःहून, कुणी न सांगता.

"जातो की मी," मामा म्हणाले. "मला काय हार घालून घ्यायचाय इथं? पर हा शब्द काढून आण. मी सोताहून चाललो न्हाई. तेवढं काढ, मी उभ्या उभ्या सही करतो."

मी एचआरला गेलो. साहेब म्हणाले, मजकूर वरून येतो, एक शब्दही हलत नाही. मी परत आलो, परत गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब फोनवर होते, त्यांनी नुसती मान हलवली. सही नसेल तर उद्या गेटवर कार्ड चालणार नाही आणि बावीस वर्षांचा दाखलाही मिळणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी जिना उतरलो. मला राग आला नाही. पाय आपोआप चालत होते. शिफ्ट सुटली होती, बसेस लागल्या होत्या, आमच्या थेरगावच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

खिडकीशी जाऊन मी म्हणालो, "मामा, साहेबांना विचारलं. कायद्याच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. वॉलंटरी म्हणजे सन्मानाने."

आयुष्यात मी शेकड्याने थापा मारल्या. ही सगळ्यांत लहान होती.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन काढलं, एलच्या पानावर जुन्या अर्थापुढे स्वल्पविराम दिला आणि लिहिलं: कायद्यात, सन्मानाने. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं. ती शाई वाळेपर्यंत त्यांनी वही उघडी ठेवली. मग कागद ओढला आणि सही केली. मी कागद वर नेऊन दिला आणि पळत जाऊन बस पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. भोसरीपर्यंत मी बाहेर बघत होतो. काय दिसलं ते आठवत नाही. माझं नाव यादीत आलं नाही.

त्यानंतर मी या माणसाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. कांद्याची, दोनशे शब्दांची, झाडूची. लोक हसतात. ही कुणाला सांगितली नव्हती.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी सकाळी डांगे चौकात भाजी घेताना मामा भेटले. हातात मेथीची जुडी, पायात कंपनीचेच जुने सेफ्टी शूज. घरच्यांची चौकशी झाली, माझ्या पोरीची शाळा विचारून झाली. मग मी सांगून टाकलं, मामा, तो अर्थ मला कुणी सांगितला नव्हता, मी जिना उतरताना मनाने जुळवला होता.

त्यांनी मेथी पिशवीत ठेवली.

"ठावं व्हतं," मामा म्हणाले. "तुजी बस सुटायली व्हती."